दोन मजल्यांचं बटण

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की नाशिकचे लोक दोनच गोष्टी विचारतात. देवीचं दर्शन नीट झालं का, आणि चपला आणल्या का. या वेळी दोन्ही नाही. या वेळी मी तीन दिवस नुसती भांडून आले. कॅमेऱ्याशी भांडले, मावसभावाशी भांडले, एका म्हाताऱ्या फोटोग्राफरशी त्याच्याच दुकानात उभी राहून भांडले. तुम्हाला तिकडे जायचं असेल तर रंकाळ्यावर फिरा, गुऱ्हाळात जाऊन गरम गूळ खा. मी यातलं काहीही केलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल सांगणारही नाही.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते. कॅमेऱ्याबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक मी उघडलंसुद्धा नव्हतं. पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला एक बटण दाबता येणार नाही, अशी शंका माझ्या मनाला शिवली नव्हती.

शुक्रवार, हुपरी

हुपरी हे चांदीचं गाव. कोल्हापुरातून बस सुटते, दोन्ही बाजूंना ऊस लागतो, आणि गावात उतरलं की घराघरातून बारीक ठोकाठोकी ऐकू येते. पुढच्या खोलीत पैंजणं घडतात आणि मागच्या खोलीत भाकऱ्या. बसमध्ये कंडक्टर मला 'पावणं, म्होरं सरका की' म्हणाला. माझा जन्म याच गावातला, पण नाशिकची साडी आणि खांद्यावरचा कॅमेरा बघून त्यानं मला पाहुणी ठरवून टाकलं. तिथूनच माझं डोकं तापायला सुरुवात झाली.

इथे माझी थोरली मावशी राहते. माझी आई तिला अक्का म्हणायची. कर्नाटकाच्या या बाजूला थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, आणि आईचं ऐकून आम्ही सगळेही तिला अक्काच म्हणायला लागलो. वय ऐंशीच्या घरात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि आता हृदय थकत चाललेलं. तिचा मुलगा बसू, म्हणजे बसवराज, याचा फोन आला की डॉक्टर काही धड सांगत नाहीत, बघून जा. मी शाळेत रजा टाकली आणि त्याच दिवशी संध्याकाळी जाऊन डिजिटल कॅमेरा विकत घेतला.

हे दोन्ही एकदम का केलं, ते सांगायला हवं. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. फुलं घालतात, आणि गाव येऊन नमस्कार करून जातं. याबद्दल माझी काही तक्रार नाही. आपलं माणूस आडवं पडून नाही, बसून जातं, याचा लहानपणी मला अभिमानच वाटायचा. तसं बसवल्यावर एक फोटो काढतात, त्यालाही माझी हरकत नाही. माझा राग आहे तो या गोष्टीचा, की आमच्या घरातल्या बायकांचा तेवढा एकच फोटो असतो. पुरुषांचे पाहिजे तेवढे आहेत: सोसायटीच्या निवडणुकीतले, नव्या मोटरसायकलवरचे, हार घातलेले, हार घालतानाचे. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आई आहे, पण पाठमोरी, पंगतीत वाढताना. मतदार ओळखपत्रावर एक आहे, त्यात तिला मीसुद्धा ओळखत नाही.

वडील गेल्यावर आई अक्काकडेच राहायची. ती गेली तेव्हा मला नाशिकहून पोचायला उशीर झाला, मी आले तर माती होऊन गेली होती. पंधरा दिवसांनी बसूनं तो शेवटचा फोटो चौकट करून पाठवला. वरचा कागद काढला आणि मी किंचाळले. आईचे डोळे उघडे होते. तिकडच्या स्टुडिओत तशी पद्धत आहे. फोटोतल्या मिटलेल्या पापण्यांवर ब्रशनं डोळे काढून देतात, म्हणजे फोटो भिंतीवर लावता येतो. नाक आईचं, हनुवटीवरचं गोंदण आईचं, आणि डोळे भलत्याच कुठल्या बाईचे. चांगले मोठे, शांत, काजळ घातल्यासारखे. माझ्या आईचे डोळे बारीक होते, डावी पापणी जरा उतरलेली होती, आणि शांत तर ते कधीच नव्हते. चार वर्षं ती परकी बाई माझ्या आईच्या चेहऱ्यातून माझ्याकडे बघते आहे. अक्काचं असं होऊ द्यायचं नाही, तिचे डोळे तिचेच राहिले पाहिजेत, एवढ्यासाठी मी कॅमेरा घेऊन आले होते.

जेवायला जोंधळ्याची भाकरी, झुणका, शेंगांची चटणी आणि घट्ट दही होतं. बसूच्या बायकोनं, महादेवीनं, मला विचारल्याशिवाय तिसरी भाकरी वाढली. नाशिकला पाहुण्याला आधी विचारतात आणि मग वाढतात, इथे आधी वाढतात आणि नको म्हटलं तर रागावतात. ही पद्धत मला आवडते. तेवढ्यापुरता माझा राग निवला होता.

जेवण झाल्यावर मी अक्काला म्हटलं, तुझा फोटो काढायचा आहे. ती उठली. आत गेली, अंघोळ करून आली, धुतलेलं इरकली लुगडं नेसली, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढले. भिंतीकडे पाट सरकवून मांडी घालून बसली, पाठ भिंतीला टेकवली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटून घेतले. मी कॅमेरा खाली घेतला.

"अक्का, अशी नको बसूस."

"मग कशी? फोटोला असंच बसत्यात की."

तिच्या आवाजात खोटं काही नव्हतं. तिनं घरातल्या बायकांचे जेवढे फोटो बघितले होते, त्या सगळ्या अशाच बसल्या होत्या. महादेवीनंही मान हलवली. बसू तर उठून पुढे झाला आणि अक्काची हनुवटी दोन बोटांनी धरून डोकं सरळ करायला लागला, सवयीचं काम असल्यासारखा. मी त्याच्यावर ओरडले. हात काढ म्हटलं, ती जिवंत आहे अजून. पैंजणाचं काम करणारे कारागीर हातातलं थांबवून आत बघायला लागले. बसू म्हणाला, अगं मी काय केलं? त्यानं खरंच काही केलं नव्हतं, आणि याचाच मला जास्त राग आला.

अक्कानं डोळे उघडले, पण मांडी काही मोडली नाही. मग मी फोटो काढायला लागले. घरात उजेड कमी, आणि फ्लॅशनं तिचे ऑपरेशन झालेले डोळे दुखतील म्हणून मी तो बंद केलेला. मी 'हं' म्हणायचे आणि बटण दणकन दाबायचे. कॅमेरा आतल्या आत कुरकुरायचा आणि त्याच्या सोयीनं केव्हातरी 'खट्' करायचा. तोपर्यंत 'हं'साठी रोखलेला श्वास अक्कानं सोडलेला असायचा. कंपनीनं माल वाईट दिला म्हणून मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या आणि आणखी जोरात दाबलं. महादेवीला शेजारी बसवून काढले, एकटीचे काढले. चाळीसएक झाले. मागच्या आगपेटीएवढ्या पडद्यावर सगळे सुंदर दिसत होते. मी सगळ्यांना ते दाखवले आणि बसूला ऐकवलं की तुम्हाला एवढ्या वर्षांत जमलं नाही ते मी एका दुपारी केलं.

शनिवार, कोल्हापूर

बसू म्हणाला, आमच्या नेहमीच्या स्टुडिओत कॉम्प्युटर आलाय, तिथं छापून घे. आईचा फोटोही त्याच स्टुडिओत झाला होता, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी मुद्दाम तिथेच गेले. अक्काचे फोटो त्याच्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचं, बघा, असे असतात माणसाचे डोळे. वाटेत मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव मिळतो, इथे ब्रेडच्या स्लाइस देतात आणि तिखट रश्श्याचा कट मागेल तेवढा ओततात. नाकातून पाणी आलं. भांडायला जाताना खायला योग्य पदार्थ आहे.

स्टुडिओवाले सत्तरीचे. येणारेजाणारे सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरमध्ये घातलं, आणि अक्काचा पहिला फोटो मोठ्या पडद्यावर आला. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर इतकं स्वच्छ की तारखांखालच्या तिथीही वाचता येत होत्या. चुन्याचे पोपडे दिसत होते. आणि त्यांच्या पुढे अक्का आणि महादेवी, दोघी पाण्याखाली बसल्यासारख्या. दुसरा तसाच. तिसऱ्यात अक्का एकटी, पण सगळा फोटोच हललेला, तिला चार डोळे. तात्या एकेक पुढे सरकवत गेले. चाळीस फोटोंत एकही डोळा धड नव्हता.

"भित झकास आलीया, बाई," तात्या म्हणाले.

कॅमेरा त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं. कॅमेरा बिघडलेला आहे, मी म्हटलं. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला, मला परत दिला आणि म्हणाले, माझा एक काढून दावा. मी काढला. त्यांनी फोटोकडे बघितलंच नाही, माझ्या बोटाकडे बघत होते.

"दाराची बेल न्हवं ती. ह्या बटनाला दोन मजले हायत. तुम्ही एकदम तळघरात उडी मारालाय."

मग त्यांनी माझं बोट बटणावर ठेवलं आणि हळू, अगदी हळू दाबायला लावलं. अर्ध्यात बोटाला काहीतरी अडल्यासारखं लागलं. तो पहिला मजला. तिथे थांबायचं. पडद्याच्या मध्यावर एक चौकोन असतो, तो आधी माणसाच्या डोळ्यावर ठेवायचा. कॅमेरा कुरकुरतो तो नजर जुळवण्यासाठी, त्याला तेवढा वेळ द्यायचा. 'टिट' वाजून चौकोन हिरवा झाला की नजर जुळली. मग बोट न उचलता पाहिजे तर कॅमेरा थोडा बाजूला घ्यायचा, श्वास धरायचा आणि उरलेलं अलगद दाबायचं. मी दोघींना शेजारी बसवलं होतं, चौकोन दोघींच्या मधोमध, म्हणजे भिंतीवर. कॅमेऱ्यानं इमानेइतबारे भिंतीचा फोटो काढला होता. एकटीच्या वेळी दणका देऊन मीच तो हलवला होता. मुलांना भिंग शिकवताना नाभीय अंतर पाठ करून घेणारी मी. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

मी तिथेच त्यांच्यावर सराव केला. स्टुलावर बसवून, दारात उभं करून, पंधरा-वीस वेळा. अर्धं, थांब, टिट, पूर्ण. सातव्या-आठव्या वेळेपासून तात्यांच्या भुवईचे पांढरे केस वेगवेगळे दिसायला लागले. माझ्या मनात त्यांच्याबद्दल दोन चांगले शब्द जमा होत होते, तेवढ्यात चौकोन शोधता शोधता माझी नजर त्यांच्या मागच्या टेबलावर गेली. तिथे एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. मांडी घातलेली, गळ्यात हार, आणि एक डोळा मिटलेला. दुसरा उघडा होता, ओला, नुकताच रंगवलेला. मोठा, शांत, काजळ घातल्यासारखा.

चार वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. मी माझ्या आईचं नाव सांगितलं, हुपरी सांगितलं, उतरलेली पापणी सांगितली. तुम्हाला कुणी अधिकार दिला विचारलं. एखाद्याचा चेहरा घ्यायचा आणि त्यात मनाला येईल ते भरायचं, याला फोटोग्राफी म्हणत नाहीत, असंही म्हणाले. फ्रेम न्यायला आलेलं एक जोडपं तसंच परत गेलं. तात्यांनी माझं बोलणं संपू दिलं. मग ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"लोक म्हणत्यात, डोळं उघडून द्या. मी म्हणतो, जित्यापणीचा एखादा फोटो आणा, बघून काढतो. न्हाय म्हणत्यात. धा बायांतल्या नवांचा नसतो. मग मी डोळं आणू कुठनं?"

"म्हणून कुणाचेही काढायचे?"

"कुणाचं बी न्हाय. माझ्या आईचं काढतो. मला तेवढंच पाठ हायत."

हुपरीपासून इचलकरंजीपर्यंत कितीतरी घरांतल्या भिंतींवरून या माणसाची एकच आई सगळ्यांकडे बघत असणार. तात्यांनी चहा मागवला होता. मी तो न घेता निघाले. माझा राग गेला नव्हता, पण तो आता तात्यांवर ठेवता येत नव्हता, आणि कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून दिसेल त्यावर चौकोन धरत होते. उसाची गाडी, बैलाचा डोळा, पुढच्या सीटवरच्या बाईचा अंबाडा. अर्धं, थांब, टिट.

रविवार, पुन्हा हुपरी

माझी बस दुपारची होती. सकाळी मी अक्काला सांगितलं की परवाचे फोटो बिघडले, पुन्हा काढायचे. ती खाटेवर पडून होती. रात्री तिला धड झोप लागली नव्हती. तिनं हात हलवला.

"ऱ्हाऊ दे की मग. नंतर काढत्यातच."

हे ती इतक्या सहज म्हणाली, की महादेवीनं चहाच्या कपातून मान वरसुद्धा केली नाही. नंतर काढत्यातच. दूध नंतर तापवतील, फोटो नंतर काढतील. मग मी एका आजारी म्हातारीवर ओरडले. लिहायला लाज वाटते, पण ओरडले. नंतर काढतील तो तुझा नसेल म्हटलं, त्यात डोळे दुसऱ्याच बाईचे असतील, तुझ्या नातवंडांना तू कशी बघायचीस तेही कळणार नाही. तुम्हा सगळ्यांना मेलेलीच बाई बघण्यासारखी वाटते का, असंही काहीतरी बोलले. बसू हातातलं पैंजण तसंच धरून आला आणि दारात थांबला. आईशी असं बोलू नको एवढंच म्हणाला, तेही हळू.

अक्का उठली. भिंतीला धरत धरत परसदारी गेली आणि उंबऱ्यावर बसली. तिथे घुंगरांचं ताट असतं. डोळे चांगले होते तोवर पैंजणाला घुंगरू ओवायचं काम घरात तीच करायची. आता नुसत्या बोटांनी चाचपून बारीक आणि जाड घुंगरं वेगळी करते, तेवढं तिला अजून जमतं. समोर परसात पपईचं झाड आहे, त्याच्यामागून सकाळचा उजेड तिरका तिच्या तोंडावर येत होता. मांडी नाही, पाट नाही, विभूती पुसट झालेली, पदर खांद्यावरून घसरलेला. मी तिच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसले आणि कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. कोपरं गुडघ्यांवर टेकवली. चौकोन तिच्या उजव्या डोळ्यावर आणला. पहिल्या मजल्यावर थांबले. टिट वाजलं.

त्या आवाजानं तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"माझ्यावर का वरडालीस गं? माझ्या भैनीचा का न्हाय काढलास? तवा बी व्हता की कॅमेरा तुझ्याकडं. उटीला गेलतीस तवा पुडकंभर फोटो आणून दावलीस आम्हाला. डोंगर, फुलं, तळं. ती शेजारी बसून सगळं बघत व्हती."

होता. लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी घेतलेला, रिळाचा. एका रिळात छत्तीस फोटो. उटी, महाबळेश्वर, हरिद्वार, नवऱ्याच्या ऑफिसची सहल. सुट्टीत आईकडे आले की तो बॅगेतच असायचा, कधी त्यात दोन-तीन फोटो शिल्लकही असायचे. एकदा मी आईला म्हटलंही, बस गं तुझा काढते. ती म्हणाली, माझ्यावर कशाला रीळ घालवतीस. आयुष्यात आईचं एकही न ऐकणारी मी, तेवढं मात्र लगेच ऐकलं. ते तीन फोटो मग मी घाटात उतरून एका धबधब्याचे काढले.

अक्का नजर न हलवता बघत राहिली, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी, आणि मला पडदा धूसर दिसायला लागला. चौकोन हिरवा आहे एवढंच कळत होतं. बोट उचललं नाही. श्वास धरला आणि उरलेलं अलगद दाबलं.

मोठा करून तो मी नाशिकच्या घरात बैठकीच्या खोलीत लावला आहे. पापण्यांचे केस वेगवेगळे दिसतात, बुबुळात पपईचं झाडही दिसतं. घरी येणारे फोटोपुढे थांबतात आणि हमखास विचारतात, या आजी एवढ्या कुणावर चिडल्या आहेत? मी सांगते, माझ्यावर. आणि त्यांना बसवून पाणी देते.